सतरा नंबरचे आटे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरच्या नकाशात सतरा नंबरचा ठिपका पिवळा झाला. पिवळा म्हणजे व्हॉल्व्ह फिरतोय; पूर्ण उघडला की हिरवा. टेकडीवरच्या वस्तीला पाणी सोडणारा हा व्हॉल्व्ह एकतीस वर्षं त्याने स्वतःच्या चावीने फिरवला होता, आणि आज, बदलीच्या पहिल्याच दिवशी, तो नियंत्रण कक्षातल्या खुर्चीत बसून ठिपक्याकडे बघत होता.

“काका, तुमचंच डोकं आहे हो या नकाशात,” शेजारची ऑपरेटर म्हणाली. “आता खुशाल चहा प्या.”

डोकं... गेल्या वर्षी सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे, म्हणजे पूर्ण उघडायला चावीचे किती फेरे, ते विचारले, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा मोजले. एरवी हातालाच कळायचं. नऊचे अठरा, दहाचे चोवीस — तो सांगत गेला, आणि कुठल्यातरी एकाला मुद्दाम चार वाढवून सांगितले, म्हणजे कधीतरी अडेल आणि ‘काकांना बोलवा’ असं कुणीतरी म्हणेल. पण कुठल्याला? सतराला? की अकराला? की ते नुसतं मनात आलं होतं, आणि तोंडून खरेच आकडे गेले... व्हॉल्व्हचा जुना दांडा, चार आटे जास्त पिळला तर तुटणार, आणि वर टेकडीवर — थोरली बहीण तिथेच राहते — चार दिवस थेंब नाही.

त्याने टेबलाखाली मूठ वळली, हवेत चावी फिरवू लागला. एक, दोन, तीन...

“काय हरवलं, काका?”

“काही नाही. हाताला मुंग्या आल्यात.”

आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. बावीसला मनगट अडलं — की ते तिथेच अडावं असं त्याला वाटत होतं म्हणून?

स्पीकरवर धापा. सतरावर पाठवलेला त्याचा जुना जोडीदार. “मॅडम, बावीस झाले. जड लागतंय. ॲप सव्वीस म्हणतंय.”

“मग सव्वीस करा. आकडे काकांचेच आहेत.”

“काकांचे? मग झालं तर. लावतो जोर.”

थांबा म्हणायचं, तर का, तेही सांगावं लागेल. आणि आकडा खरा असला तर... न केलेलं पाप कबूल करून बसायचं?

“थांबा,” तो म्हणाला.

ऑपरेटरने मान वळवली नाही. स्पीकरमधून चावीची करकर येतच राहिली. आपण बोललो, की नुसतं... त्या मुलीला आकडे सांगितले त्या दिवशीही असंच झालं असेल?

सहा वाजून एकोणीस मिनिटांनी ठिपका पिवळाच होता.