टीव्हीवरची जोड

"तुमची बंदूक खोटी आहे," मी तंबूवाल्याला म्हणालो.

तो गल्ल्यामागून हसला. "असं काय करता साहेब? अस्वल पडलं की तुमचं. तो बघा दिवा लागला."

"तेच विचारतोय. पडलं कसं?"

एकोणऐंशी साली सांगलीत मोठं प्रदर्शन भरलं होतं. पाळणे, मौत का कुवा, बोलणारं मुंडकं, सगळा नेहमीचा बाजार. त्यातच मुंबईहून आलेला हा तंबू होता. बाहेर पाटी होती, 'यंत्रावरचे विलायती खेळ'. नाणं टाकायचं आणि खेळायचं. पहिलंच यंत्र बंदुकीचं. काचेच्या पेटीत पत्र्याचं अस्वल इकडून तिकडं चालायचं आणि बाहेर स्टँडवर साखळीनं बांधलेली बंदूक. पहिल्या गोळीला अस्वल पडलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा मला शंका आली. तिसऱ्यांदा मी मुद्दाम पेटीतल्या झाडावर नेम धरून घोडा ओढला, तरी अस्वल गुरगुरलं आणि आडवं झालं! अहो, फौजेत बंदूक हातात घेऊन वर्षं काढलेला माणूस मी. झाडावर मारलेल्या गोळीनं अस्वल मरतं, हे मला शिकवता?

"साहेब," तंबूवाला आवाज उतरवून म्हणाला, "लोकांना जरा खूश ठेवावं लागतं. पडलंच नाही तर परत कोण येईल खेळायला?"

"म्हणजे आम्ही मूर्ख!"

राही, माझी बायको, शेजारीच उभी होती. तिनं माझा सदरा ओढला. "आवं, चला की. खेळ हाय त्यो. लोकं बघाय लागलीत."

"बघू देत."

तिथून मी मोटारीच्या यंत्रावर गेलो. त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. समोर रंगवलेला रस्ता पट्ट्यावरून फिरत येतो, त्यावर तारेला अडकवलेली एक छोटी मोटार आणि आपल्या हातात खरं स्टिअरिंग. स्टिअरिंग एवढंच काय ते खरं. झाडाला धडका, माणसाला धडका, नुसती घंटा वाजते आणि मोटार पुढं चालू. मी रागानं समोरच्या सगळ्या बैलगाड्यांत मोटार घातली. घंटा थांबेना. आणि शेवटी वर दिवा लागला, 'शाबास!' डोंबलाची शाबासकी! दहा गाड्या चिरडणाऱ्याला शाबास म्हणणारा खेळ पोरांसमोर ठेवायची लाज वाटत नाही या लोकांना?

"आता ह्यावर पन भांडनार व्हय?" राही म्हणाली.

भांडणार होतोच. पण माझा राग काही अस्वलावर नव्हता, हे मलाही कळत होतं आणि राहीलाही.

मी लालासाहेब. फौजेत नाईक होतो. एकाहत्तरच्या लढाईत माझा डावा हात कोपराखाली गेला. आता कुपवाडला एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो. आमचं गाव शिराळ्याच्या अलीकडं. फौजेत जायच्या आधी मी गावच्या तालमीत कुस्ती करायचो. आकाराम माझा जोडीदार. रोज पहाटे आम्ही दोघं एकमेकांना लोळवायचो. कधी तो वर, कधी मी. मी फौजेत गेलो आणि तो मैदानं मारत राहिला. लोणंदपर्यंत त्याचं नाव होतं.

पुण्याच्या दवाखान्यातून मी घरी आलो, त्यानंतरच्या यात्रेत गावानं काय करावं? जोतिबा तात्या आमच्या यात्रेचे पंच. त्यांनी माझी आणि आकारामची जोड लावली. मी नको म्हणायला हवं होतं. पण पायांत अजून जोर आहे, टांग लागली तर आकारामलाही उलटा करीन, असं मला वाटायचं. वयच तसं होतं. हलगी कडाडली, सलामी झाली, मी टांग लावली आणि आकाराम चितपट!

लोकांनी काय आरडाओरडा केला! फेटा बांधला, खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. मला मात्र त्याची पाठ मातीला लागतानाच कळलं होतं. खरा पडणारा माणूस शेवटपर्यंत धडपडतो, वळायला बघतो, काहीच नाही तर हात तरी टेकतो. आकारामनं अंग सोडून दिलं, गाडीतून पोतं उतरवावं तसं. नुरा कुस्ती होती ती. आधीच ठरलेली. माझा मान राखायला गावानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं.

आणि तिथंच थांबले असते तर बरं. लालाला हरवायचं नाही, असा जणू वाराच सुटला. पत्ते खेळायला बसलो की मला हवं तेच पान समोरचा टाकणार. रमीसारखा खेळ नासवला लेकांनी! कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कॅरम चालतो. कॅरमला हात एकच लागतो, त्यात मी कुणाला ऐकत नाही. पण तिथंही राणी माझ्यासाठी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवतात आणि वर म्हणतात, वा नाईक! सोंगट्यांत दान पडलं तरी माझी सोंगटी मारत नाहीत. हरण्याची चवच विसरलो होतो मी. ज्याला कुणी हरवतच नाही, तो जिंकला हे कशावरून?

मोटारीच्या यंत्रापासून मी वळलो, तोच मागून हाक आली.

"लाला! किती हुडकायचं रं तुला?"

आकारामच होता. गावाकडची हळद घेऊन सांगलीच्या पेठेत आला होता आणि प्रदर्शनात भेटायचं आमचं ठरलेलं होतं. हातात भडंगाचा मोठा पुडा. त्यानं तो राहीच्या हातात दिला. "घ्या वैनी. लाला का तापलाय?"

"अस्वल मेलं म्हनून," राही म्हणाली.

आकाराम हसला. त्या कुस्तीबद्दल आम्ही सात वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. पीकपाणी बोलायचो, लग्नकार्यं बोलायचो, ते सोडून सगळं बोलायचो.

तंबूच्या टोकाला टेबलावर एक टीव्ही ठेवला होता. काळ्या पडद्यावर दोन्ही कडांना एकेक पांढरी पट्टी आणि मधे इकडून तिकडं जाणारा पांढरा ठिपका. खाली दोन बटणं. बटण फिरवलं की आपली पट्टी वर-खाली व्हायची. ठिपका पट्टीला लागला की टक् करून परत फिरायचा, चुकला की समोरच्याला गुण. आधी ज्याचे अकरा होतील तो जिंकला.

मी एकदा तंबूवाल्याबरोबर खेळून बघितलं, आणि गड्या, हा खेळ मला आवडला! रंग नाही, अस्वल नाही, शाबासकी नाही. बटणाला एकच हात पुरतो, दोन हातवाल्यालाही दुसऱ्याचा उपयोग शून्य. आणि त्या ठिपक्याला डोळे नव्हते. समोरच्याची बाही रिकामी आहे की भरलेली, त्याला काय ठाऊक? चुकलास की चुकलास. पटापट सहा गुण गेले माझे आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सात वर्षांत असा खेळ मिळाला नव्हता.

"आकाराम, ये. बस समोर."

"मला न्हाई जमायचं ते."

"बस म्हणतो ना!"

तो बसला. नाणं पडलं. माझे दोन गुण झाले, चार झाले, सात झाले. मी खुशीत होतो. मग सहज माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. बोटं बटणावर होती, पण फिरत नव्हती. ठिपका खाली जायचा आणि त्याची पट्टी वरच उभी. तो पडद्याकडं बघतही नव्हता, माझ्याकडं बघून हसत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर मूठ आपटली. टीव्ही हादरला.

"आकाराम! हात हलीव!"

"हलीवतोय की."

"खोटं बोलतोस! तवाबी खोटाच पडलास आणि आताबी! पुरी जत्रा करून माझी धिंड काढली तुमी. फेटा बांधून धिंड! तुला काय वाटलं, मला कळलं न्हाई? मातीत लोळलेला माणूस हाय मी. हात गेला माझा, अक्कल न्हाई गेली!"

राहीनं भडंगाचा पुडा छातीशी घट्ट धरला. आकारामचं हसू मावळलं. एकदम त्याचाही आवाज चढला.

"तुला एकट्यालाच लागलं व्हय रं ते?"

"तुला काय लागायचंय?"

"मला काय लागायचंय! फुडल्या साली लोणंदच्या मैदानात जोड मागाय गेलो, तर तिथला पंच समद्यांदेखत हसला. म्हनला, एका हाताच्या मानसानं पाडलेला गडी तू, तुला कोन जोड देनार? तिथनं म्हागारी आलो, त्यो परत लंगोट बांधला न्हाई. तुला कुनी सांगितलं न्हाई, कारन तुला वाईट वाटंल!"

आकारामनं कुस्ती शेतीपायी सोडली, असंच मी धरून चाललो होतो. माझा अपमान झाला, माझा मान गेला, सात वर्षं माझं आपलं हेच. याचं काय झालं, हे विचारायचं कधी सुचलं नाही मला. पण म्हणून राग उतरला म्हणाल, तर मुळीच नाही. उलट वाढला. आता तो दोघांच्या वाटचा झाला.

"मग पडलास कशाला? न्हाई म्हणायचं हुतं!"

"तात्यांनी भैरोबाचा अंगारा हातावर ठिवून वचन घेतलं. पोरगं हात देऊन आलंय, त्येला हरवायचं न्हाई. मोडू व्हय देवाचं वचन?"

जोतिबा तात्या समोर असते तर वयाचा मान न ठेवता मी त्यांना काय काय बोललो असतो कुणास ठाऊक. एका अंगाऱ्याच्या चिमटीनं दोन पैलवान संपवले त्या म्हाताऱ्यानं. त्याला वाटलं, पुण्य केलं!

"कशाचं वचन घेतलं हुतं?" राहीनं मधेच विचारलं. "कुस्तीचं का?"

"व्हय वैनी, कुस्तीचंच."

"मग ही कुटं कुस्ती हाय? भैरोबाला टीव्ही ठावं तरी हाय का? उगा देवाला मधी घालू नगासा." आणि तिनं स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून नाणं काढून तंबूवाल्यापुढं ठेवलं. "लावा वो परत. ह्यांचं एकदाचं मिटू द्या, न्हाईतर घरी माज्या डोसक्याला ताप."

आकारामनं बटणावर हात ठेवला.

"लाला, खरं खेळू?"

"न्हाई खेळलास तर परत तोंड दावू नगंस."

आणि तो खेळला. सुरुवातीला दोन-तीनदा चुकला, ते खरंच चुकला, कारण चुकल्यावर त्यानं शिवी हासडली. माझे चार झाले. मग त्याची मान पुढं आली, खांदे रुंद झाले, तालमीत समोरच्याच्या पायांकडं बघायचा तसा तो त्या ठिपक्याकडं बघायला लागला. माझी बाही वाऱ्यावर उडत होती, तिकडं त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. टक्, टक्, टक्. मी वर नेलं की तो खाली मारायचा. मी खाली आलो की वर. घामानं माझं बटण निसटायला लागलं. चार-चार झाले, मग सात-सात. आमच्या ओरडण्यानं बाहेरची माणसंही आत शिरली होती.

मी जीव तोडून खेळलो. शपथेवर सांगतो, एकही गुण मी सोडला नाही. शेवटचा ठिपका माझ्या पट्टीच्या खालून अगदी केसभर अंतरानं निसटला. आकारामचे अकरा, माझे नऊ.

"पाडला!" आकाराम ओरडला आणि उडी मारून उठला. त्याचा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरं, लाज न्हाई वाटत का? हात न्हाई त्या बिचाऱ्याला."

"व्हय की," दुसरा म्हणाला. "धडधाकट गडी हाय आनि फौजी मानसाला हरवून नाचतोय."

आकाराम तिथल्या तिथं विझला. त्यानं बटणावरचा हात काढून घेतला आणि धोतराला पुसला, चोरी सापडल्यासारखा. मान खाली गेली. पडला तेव्हा हसले, आता जिंकला तर थुंकायला निघाले! या माणसानं करावं तरी काय?

मी उठलो. आवाज मला फौजेनं दिलाय, तो अजून शाबूत आहे.

"कोण बोललं बिचारा?" मी गरजलो. "फुडं ये! कुणाला म्हणतोस बिचारा? मी हरलोय! नीट हरलोय, झुंजून हरलोय, आणि माझ्यापेक्षा चांगल्या गड्याकडनं हरलोय! कुणी कीव केली तर बघा!"

कुणी पुढं आलं नाही. तंबूवाला यंत्र फुटेल या भीतीनं टीव्हीला पाठ लावून उभा होता. मग मी आकारामचं मनगट धरलं. तो मागं ओढत होता, तरी धरलं आणि हात सरळ वर उचलला. मैदानात पंच पुकारतो तसं, सगळ्या प्रदर्शनाला ऐकू जाईल असं पुकारलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आमच्या गावाचं नाव, आणि शेवटी, "विजयी!"

मग राहीनं पुडा खाली ठेवला आणि टाळी वाजवली. मागून अजून दोघातिघांनी वाजवली. आकारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्यानं दुसरा हातही उचलला नाही.

"लाला," तो हळूच म्हणाला, "सोड की रं आता. हात भरून आला माजा."

"येऊ दे," मी म्हणालो, आणि तो हात तसाच वर धरून ठेवला.