नावापुरता फ्रिज

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. माझा रंग एकेकाळी कोवळ्या पानासारखा हिरवा होता; आता कसा आहे ते न विचारलेलंच बरं. गार राहणं मी कधीच विसरलो, पण गारव्याची स्वप्नं मला अजून पडतात. त्यांत माझ्या पोटातला दिवा लागतो, बाटल्यांना घाम फुटतो आणि मी पूर्वीसारखा हळूच गुणगुणू लागतो.

कारखान्यातून निघालो तो श्रीपाद आणि शशिकला या पुण्याच्या जोडप्याकडे. श्रीपाद हवाई दलात होते. दर बदलीला मला गोधड्यांत गुंडाळून ट्रकवर चढवत. असाच मी चंडीगडला आलो. श्रीखंडाचं पातेलं माझ्यात ठेवताना शशिकलाताई म्हणत, "इतका गुणी फ्रिज शोधून सापडायचा नाही." मी फुलून जायचो. पुढे माझा कॉम्प्रेसर बसला आणि नेमकी तेव्हाच बदली झाली. बरोबर न्यायच्या नसलेल्या वस्तू कामाच्या बाईला द्यायच्या, ही बदलीवाल्यांची रीत. त्या वस्तूंबरोबर मीही सरोजकडे आलो.

सरोजच्या एका खोलीच्या घरात मी कपाट झालो. माझ्यात रजया असतात आणि तिची लेक कृष्णा हिची पुस्तकं; उंदरांची तिथे डाळ शिजत नाही. पण सरोज वस्तीत ऐटीत सांगायची, "हमारे यहाँ फ्रिज है जी." ते ऐकून मीही मिशीला पीळ दिल्यासारखा उभा राहायचो.

एका उन्हाच्या दुपारी क्षितिजा नावाची मुलगी टॅब घेऊन आली. गरजू घरांतल्या मुलींची सेक्टर ३४ मधल्या क्लासची फी एक संस्था भरणार होती. मिळकत कोण खरी सांगतो? म्हणून घरात काय काय आहे ते विचारून घर जोखायचं होतं. दारात शेजारणी जमल्या होत्या.

"फ्रिज?"

"है जी!" सरोज ठसक्यात म्हणाली.

क्षितिजाने टॅबवर बोट टेकवलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "अरेरे, म्हणजे हे घर यात बसत नाही." इतक्या वर्षांनी मराठी कानावर पडलं, आणि पडलं ते हे! सरोजला ते कळलं नाही. मला कळलं, पण मला तोंड कुठे? माझ्यापायी कृष्णाचं शिक्षण अडणार होतं. तेवढी लाज मला बंद पडलो तेव्हाही वाटली नव्हती.

इतक्यात कृष्णा पुस्तक घ्यायला आली. तिने माझं दार उघडलं आणि एक रजई धपकन क्षितिजाच्या पायांवर पडली.

क्षितिजा वाकून माझ्यात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दीदी, चलता हुआ फ्रिज ही गिनना था. मैंने ठीक से पूछा नहीं. ये चलता है?"

शेजारणी कान टवकारून उभ्या होत्या. सरोजने कृष्णाकडे पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नहीं जी. हमारे यहाँ फ्रिज नहीं है."

कृष्णा आता क्लासला जाते. मित्रांनो, कुणाचं घर जोखायला गेलात, तर दारातून बघून परतू नका. आमची दारं उघडून बघा. मी त्या घरात नाही असं सरोज म्हणाली, तेव्हा मला वाईट वाटलं. पण तिचा हात पाठीवर होता, आणि इतकं कौतुक माझं श्रीखंडाच्या दिवसांतही कुणी केलं नव्हतं.