एका घोटाचा प्याला आणि मी

मित्रांनो, मी पडेगावचा एक जुना निळा ड्रम आहे. माझ्यात दोनशे लिटर पाणी मावते आणि मी एका प्याल्यावर जळतो. त्या प्याल्यात एक घोट मावतो.

चिकलठाण्याच्या कारखान्यात माझ्यात पातळ साबण भरलेला असे. पुढे सत्यशीलाबाईंनी मला जुन्या बाजारातून घरी आणले. शहर पडेगावकडे सरकत होते. इमारती आल्या, रस्ते आले, पाणी तेवढे यायचे राहिले. त्या दुष्काळी वर्षांत टँकर आठ दिवसांनी येई. पाहुणे आधी माझ्यात डोकावत, मग घरच्यांची खुशाली विचारत. मला वाटे, या घराचा देव मीच.

सत्यशीलाबाईंच्या सासूबाई रत्नमालाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. चाळीस वर्षे त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये देतात तो भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, घेतले नव्हते. चर्चमध्ये प्याला फिरू लागला की त्या मान खाली घालत. कारण कुणाला सांगत नसत. मरणाआधी एकदा तरी तो घ्यायचा, एवढाच ध्यास उरला होता. म्हणून रविवारी दुपारी चर्चचे पाळकसाहेब तो प्याला घेऊन घरी आले. प्याला विसळायला माझ्या तळचे शेवटचे तांब्याभर पाणी गेले. माझी उरलीसुरली पुंजी, आणि ती त्याच्या आंघोळीला.

मला खिडकीखालीच टँकरच्या रांगेत ठेवले होते. टँकर संध्याकाळी यायचा, तो दुपारीच आला. गल्लीचा नियम असा, की पाइप धरायला माणूस नसेल तर ड्रम भरायचा नाही. शेजारच्या सारजाबाईंनी हाक मारली, "सत्यशीले, टँकर आलाय. देव काय पळून चाललाय का?"

सत्यशीलाबाईंनी सासूला पाठीमागून धरून बसवले होते. सोडले असते तर म्हातारी कलंडली असती. तरी त्या उठू लागल्या. मी मनात म्हटले, आता कळेल कोण मोठा.

तेवढ्यात रत्नमालाबाई बोलल्या. "पाळकसाहेब, बहात्तरच्या दुष्काळात मी एका बाळंतिणीचा भरला हंडा उपडा केला. माझा नंबर आधी होता म्हणून. तिचं तोंड अजून दिसतंय. मला हा घोट चालंल का?"

"तुमच्यासाठीच हाय तो, आई," पाळकसाहेब म्हणाले.

सत्यशीलाबाई परत बसल्या. "मी धरलंय, आत्या. घ्या तुम्ही."

म्हातारीने एक घोट घेतला. चाळीस वर्षे आवळलेली मूठ सुटावी तशी ती सैल झाली आणि सुनेच्या खांद्यावरच झोपली.

टँकर गेला. रांगेत मी एकटाच कोरडा. सारजाबाईंनी सत्यशीलाबाईंना येडी म्हटले, मलाही एक लाथ दिली आणि आपल्यातला एक हंडा माझ्यात ओतला.

"आठ दिवस निघतील गं कसेबी," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आत्याचा घोट राह्यला असता, तर तो कोणत्या टँकरनं आणला असता?"

त्याच आठवड्यात रत्नमालाबाई गेल्या. चेहरा शांत होता.

मित्रांनो, आम्हा ड्रमांना झाकण लावा, पाणी सांडू नका. पण माणसाच्या प्रत्येक तहानेला आमच्यात तांब्या बुडवू नका. काही तहानांसाठी थेट देवाकडेच जावे. त्या दिवशी मला विचारले असते, तर मीही हेच सांगितले असते. कुणी विचारले नाही.