कड्यातला चिमटा

टच्. कपड्यांचा चिमटा मिटला आणि सकाळपासून स्वयंपाकघरात जपून ठेवलेली शांतता मोडली.

आठ वर्षांची लेक जमिनीवर चिमट्यांना चिमटे लावत बसली होती. टेबलाशी आई डाव्या हातानं लिहीत होती. बाबा चहा ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होते.

"खेळायला दुसरं काही मिळालं नाही का गं?" आई म्हणाली.

"तूच तर कपडे वाळत घालायला सांगितलंस. उरले ते घेतले."

आई पुन्हा लिहायला लागली.

अकरा वर्षांपूर्वी आई पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर कामाला होती. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा साचा खाली यायचा, म्हणजे हात कधी साच्याखाली सापडायलाच नकोत. पण दोन्ही हात बटणांवर अडकले की पत्रा सरकवायला वेळ जायचा आणि तासाची ठरलेली झाकणं काही केल्या व्हायची नाहीत. मग एका बटणाभोवतीच्या कड्यात लाकडी चिमटा खुपसायचा, की ते बटण दाबलेलंच राहायचं आणि एक हात पत्र्यासाठी मोकळा व्हायचा. नव्या मुलीला पहिल्या दिवशी पाणी कुठे मिळतं ते दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी हातात चिमटा द्यायचे. मुकादमाला सगळं ठाऊक. तपासणीच्या दिवशी तोच ओरडत यायचा, "बायांनो, धुणं आवरा!"

एके दिवशी तो मोकळा हात साच्याखाली सापडला आणि तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीवाले पोचण्याआधी कारखान्यातल्या तरुण फिटरनं कड्यातला चिमटा काढून खिशात टाकला. अहवालात यंत्राचा बिघाड लिहिला गेला आणि तिला भरपाई मिळाली. त्या पैशांवरच ती शिकली. लहान पोरांच्या वहीत डाव्या हातानं अक्षरं गिरवली, मग कायद्याची परीक्षा दिली. मधल्या काळात फिटरशी लग्नही केलं. आता ती जखमी कामगारांचे दावे लढवायची. कोर्टातले शिपाई तिला डावरीताई म्हणायचे. कंपनीचे साहेब हात मिळवायला पुढे आले की ती मुद्दाम उजवा पुढे करायची आणि ते काय करतात ते शांतपणे बघत राहायची.

आज अकराला सुनावणी होती. त्याच कारखान्यातली, त्याच प्रेसवरची एकोणीस वर्षांची पोरगी, तिचीही बोटं गेली होती. या वेळी चिमटा कुणी काढला नव्हता. कंपनी म्हणत होती, पोरीनं आगाऊपणा केला, आमच्याकडे असं आजवर कधी घडलेलं नाही. कामावरच्या बाया नोकरीच्या भीतीनं तोंड उघडत नव्हत्या. म्हणून डावरीताईनं हा दावा आपल्या कार्यालयातल्या दुसऱ्या वकीलबाईंकडे सोपवला होता. ती स्वतः वकील म्हणून नाही, तर साक्षीला उभी राहणार होती.

"माझं नाव घ्यावं लागेल?" बाबांनी विचारलं.

"मग काय, चिमटा आपल्या पायांनी चालत गेला म्हणू?"

"तसं नाही. मी अजून तिथेच कामाला आहे, एवढंच."

"माहीत आहे. माझाही दावा खोटा होता म्हणतील. पुढे माझं ऐकून कोण घेईल, देव जाणे."

"मला घरी बसवतील. भांडी माझ्याच गळ्यात पडणार."

"आता कोण घासतं?"

"तेच म्हणतोय. काही फरक पडणार नाही."

ती हसली नाही, पण साक्षीचा कागद त्यांच्याकडे सरकवला. बाबांनी उभ्या उभ्या वाचला. मग पेन मागितलं.

"'बटणाच्या फटीत' असं लिहिलंयस. तिथे फट नसते, कडं असतं. त्यांचा वकील तुला इथेच पकडेल." त्यांनी शब्द खोडला, वर बारीक अक्षरात 'कड्यात' लिहिलं आणि कप घेऊन सिंककडे वळले. नळ सुरू झाला.

आईनं कागद पिशवीत ठेवला आणि लेकीला पुढ्यात बसवलं. शाळेची वेळ होत आली होती. वेणी घालताना दोन बटा आईनं सांभाळायच्या आणि तिसरी लेकीनं खांद्यावरून स्वतः धरायची, ही या घरातली जुनी वाटणी.

"आई, तुझा चिमटा बाबांनी लपवला होता?"

"हो."

"तुला कुणी ओरडू नये म्हणून?"

"हो गं. मान सरळ ठेव."

"पण लपवला नसता, तर तिथे चिमटे लावतात हे सगळ्यांना कळलं असतं ना?"

आईचा हात थांबला. लेकीनं तिसरी बट ताणून धरली होती. सिंकपाशी नळ बंद झाला.

"मग त्या ताईची बोटं राहिली असती का?"