जानीच्या आकडीतला कोयता

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. पण कोयता होण्याआधी मी जीपच्या स्प्रिंगचा पाटा होतो. मोखाड्याच्या घाटात माणसांनी खच्चून भरलेली जीप मी कित्येक वर्षे तोलून धरली. ड्रायव्हर मला 'स्टील' म्हणे, तुमच्या पुस्तकात 'पोलाद' लिहितात आणि माझी मालकीण जानी मला नुसते 'लोखंड' म्हणते. मी तिघांच्याही हाकेला ओ देतो.

जीप थकली, तेव्हा जानीच्या बापाने माझा तुकडा आणला आणि बुधा लोहाराकडून कोयता घडवून घेतला. लेक आता रानात जाऊ लागली होती. पुढे बाप वारला. मी मात्र तिच्या कमरेच्या लाकडी आकडीत राहिलो. राबासाठी फांद्या तोडल्या, घराच्या कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या कापल्या. शेजारीण धाकली मला मागायला येई, पण बापाची वस्तू जानी कुणाला देत नसे.

यंदा मात्र घात झाला. भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, म्हणून जानीने शेतात फांद्या, पाला, शेण पसरले. पाणी प्यायला जाताना मला त्यातच खोचले आणि विसरली. वर माती टाकून राब पेटवला. राख निवल्यावर मी सापडलो. मूठ जळून गेली होती, अंग काळेनिळे पडले होते. तिने कारवीवर घाव घातला, तर माझी धारच दुमडली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बापाने दिलेला. राबात जलला," जानी बुधाला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"पाणी उतरलाय त्याचा. परत देऊन बघू. पण तडकला तं माना बोल लावू नको."

भाता चालला. मी लाल झालो, हातोड्याखाली सरळ झालो आणि मग थेट गार पाण्यात गेलो. चर्र झाले. यालाच लोहार 'पाणी देणे' म्हणतात; त्याने धार कडक होते. तेव्हा तडा गेला असता तर माझे भंगारच झाले असते. मी टिकलो. बुधाने मला घासले, ठिसूळपणा जावा म्हणून पाठीकडून पुन्हा हळूच तापवले आणि पिकल्या भाताचा पिवळा रंग माझ्या अंगावरून धारेकडे सरकत आला. बुधासुद्धा क्षणभर बघत राहिला. ज्या आगीने माझे बळ नेले, तिनेच ते परत दिले. याचे नवल मला अजून वाटते.

नवी मूठ बसली. जानीने कारवी धरली आणि एका घावात तोडली. मग तिने मला पदराने पुसले.

मित्रांनो, पोलादही दुखावते. काम झाले की तुमची विळी, तुमचा कोयता पुसून जागेवर ठेवा. जानी आता राब पेटवायला काडी ओढण्याआधी कमरेमागे हात नेऊन बघते. मी तिथेच असतो.