डावा दहा, उजवा आठ

माझ्या दादाचे पाय म्हणजे दुकानदारांना शिक्षा. डावा दहा नंबर, त्यात अंगठ्याशी हाड बाहेर आलेलं. उजवा लहानपणीच्या आजारात खुंटला तो आठवरच अडला. दोन जोड विकत घ्यायचे, दोन बूट फेकून द्यायचे आणि तरी डोंगर उतरताना पाय सोलवटून घ्यायचे. शेवटी मीच म्हटलं, बहीण बूट शिवून पोट भरते आणि तू परक्यांना पाय दाखवत फिरतोस, लाज नाही वाटत? बूट ज्यावर शिवतात ते लाकडी फर्मे दोन पायांच्या आकाराचे दोन वेगळे करून घेतले, तीन आठवडे खपले. बूट घालून दादाने दुकानात फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "आज पहिल्यांदा पाय आहेत हेच विसरलो."

काल सकाळी तेच बूट घालून तो एकटा शिकारीला गेला, तो परतलाच नाही.

आज दुपारी शोधपथकाच्या तंबूत वहिनी बाकावर बसली होती. मला बसवत नव्हतं. पथकाचा प्रमुख माणूस म्हणून चांगला असेल, पण त्याचं ते थंडपणे बोलणं माझ्या डोक्यात जात होतं.

"सगळी माणसं उत्तरेच्या कड्याकडे नेतोय," तो म्हणाला. "दोन तासांत अंधार पडेल. या थंडीत दुसरी रात्र निघणं कठीण आहे."

"आणि ओढ्याची बाजू?"

"तिथे ठसे मिळाले होते, पण ते दोघांचे आहेत. एक बूट मोठा, एक लहान. तळाची नक्षीही वेगळी. तुमचा भाऊ तर एकटा होता."

नक्षी वेगळी, कारण डाव्याचा तळ कापल्यावर रबर पुरलं नव्हतं. उजव्याला मी दुसराच तुकडा लावला होता. खालून कोण बघतंय, म्हटलं होतं. माझा तो आळस आता दादाच्या जिवावर उठला होता.

"ठशांचे फोटो दाखवा."

त्याने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. मी एकेक फोटो सरकवत गेले.

"हा मोठा, डावा. हा लहान, उजवा. परत मोठा डावा. आता मला यात मोठा उजवा दाखवा. लहान डावा दाखवा. दोघं काय लंगडी घालत गेले का हो?"

त्याने मोबाइल परत घेतला आणि फोटो पहिल्यापासून पुन्हा पाहिले.

"मी शिवलेत ते बूट," मी म्हटलं. "माणसं ओढ्याकडे वळवा."

त्याने सगळी माणसं वळवली. तेव्हा मात्र माझ्या मनात आलं, दादा कड्याकडेच असला तर त्याला मीच मारलं असं होईल. वहिनीने स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला. "आण त्याला," एवढंच म्हणाली.

ओढ्याकाठच्या चिखलात ठसे स्पष्ट होते. मग खडक लागला आणि माग तुटला. पुन्हा माती लागली तिथे उजव्याची टाच उमटलेली नव्हती, नुसता चवडा होता. आणखी पुढे चवडाही नाही, फरफटल्याची रेघ.

"पाय गेलाय त्याचा," मी म्हटलं. "असा माणूस चढणार नाही. खाली चला."

उजेड उतरत चालला होता. हाका मारून माझा घसा बसला. उत्तर आलं ते एका कपारीतून, इतकं बारीक की आधी मला भासच वाटला.

दादा कपारीत आडवा पडला होता. ओठ निळे, डोळे उघडे. घोटा सुजून बूट गच्च आवळला होता. पथकातल्या परिचारिकेने बोटं हलवायला सांगितली, त्याला हलवता येईनात. "रक्त अडलंय, बूट कापावा लागेल," म्हणत तिने कात्री काढली.

"कापू नका," दादा पुटपुटला. "असे परत मिळायचे नाहीत."

"गप्प बस, गाढवा," मी म्हटलं. "मी शिवलेत, मीच उसवते."

शिवण कुठे दुहेरी आहे ते मलाच ठाऊक होतं. चाकूच्या टोकाने एकेक टाका तोडत गेले. दादा काहीच बोलत नव्हता, हूं नाही की चूं नाही. पायाला काही कळेनासंच झालंय की काय, अशी मला भीती वाटायला लागली. शेवटचा टाका सुटला, मी बूट ओढला आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला. त्या ओरडण्याने मला इतकं बरं वाटलं की तिथेच चिखलात बसून मी रडले.