गोपनीय विहीर

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली विहीर बुजवून तिथं पर्यटकांच्या गाड्या लावायचं ठरलं. अख्खी मराठी गल्ली त्या पाण्यावर जगणारी. बँकेतून निवृत्त झालेल्या वरुणरावांनी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला: विहिरीची जुनी सनद दाखवा.

सनद सापडली, पण मोडी लिपीत. कचेरीत मोडी कुणाच्या बापाला येईना. सरकारनं गावभर वाचक धुंडाळला आणि नेमला कोण? वरुणराव!

मुरली नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना शपथ घातली. "कागदातलं कुणाला सांगायचं नाही, सार. अर्जदाराला तर मुळीच नाही."

"अर्जदार मीच की!"

"म्हणून तर जास्त जपायचं."

"पण गोपनीय कशापायी?"

"आम्हाला वाचता येत नाही तोवर सगळं गोपनीयच."

घरी मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःपासून लपवून वाचणार कसं?"

"एक डोळा मिटून."

आता मोडीत अक्षराला अक्षर चिकटलेलं. मोठ्यानं म्हटल्याशिवाय वरुणरावांना शब्द तोडता येत नसत. आणि आवाज असा, की त्यांनी तंजावुरात घसा खाकरला तर पंचवीस किलोमीटरवरच्या पापनाशमच्या फलाटावर लोक सामान उचलत.

"मनात वाचा, सार!"

"मनात शब्द तुटत नाहीत, तंबी," असं मुरलीला धाकट्या भावासारखं समजावून वरुणराव गरजले, "विहीर गल्लीकरांची असे! जो बुजवील त्याणे अगोदर दुसरी खणावी. पाणी गोड लागलियाचे गल्लीकरांनी चाखून सांगावे, मग बुजवावी!"

मराठी न कळणारी कचेरीतली तमिळ मंडळी निवांत कॉफी पीत होती. खिडकीखाली मात्र पाण्याची कुडं कमरेवर घेऊन मंगलाबाई आणि गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. मराठी बोलायला लाजणारी पोरंसुद्धा कान टवकारून होती.

पुढं वरुणरावांच्या अर्जाला टपालानं उत्तर आलं: माहिती देता येत नाही.

त्यामागोमाग मातीचा ट्रक आला. मंगलाबाईंनी विहिरीच्या काठावर बसून सनद तमिळमध्ये घडाघडा म्हणून दाखवली. कंत्राटदार टरकला.

"खोटं आहे सगळं!" मुरली ओरडला.

"मग खरं काय लिहिलंय ते सांगा, सार," कंत्राटदार म्हणाला.

मुरली वरुणरावांकडे वळला.

"मला नका विचारू," वरुणराव म्हणाले. "शपथ आहे."

ट्रक आल्या पावली परतला. सनदेतलं फोडलं कुणी, याची चौकशी झाली. आपल्याला अक्षर कळलं नाही, असं सगळ्या कचेरीनं लिहून दिलं. म्हणजे दफ्तरी गुपित शाबूत.

आता न वाचलेल्या सनदेबरहुकूम कचेरी दुसरी विहीर खणते आहे. पाणी लागलंय म्हणे. मंगलाबाई रोज सकाळी जातात, घोटभर चाखतात आणि तोंड वाकडं करतात.

"अजून खारट आहे, तंबी. आणखी खणा."